शिखर, घसरण आणि पुन्हा चढण : धेंपो स्पोर्ट्स क्लबची वाटचाल

भारतातल्या क्लब फुटबॉलचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे आधी कोलकाता येते. मोहन बागानची स्थापना १८८९ ची आणि त्याचे चाहते लाखांत. पण राष्ट्रीय लीगचे पाचवे विजेतेपद देशात सर्वांत आधी मिळवले ते मोहन बागानने नव्हे आणि ईस्ट बंगालनेही नव्हे. तो मान गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबचा आहे. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असा आठ हंगामांच्या काळात धेंपोने पाच वेळा देश जिंकला. मोहन बागानला पाचवे विजेतेपद मिळायला २०२० उजाडले. असा विजयी क्लब पुढे राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला, काही वर्षे राज्याच्या लीगपुरता उरला आणि २०२४ मध्ये खालच्या श्रेणीतून खेळत पुन्हा वर आला. लहान ठिकाणचा क्लब कशावर उभा राहतो आणि कशाने कोलमडतो, हे या वाटचालीत स्पष्ट दिसते.

भातशेतातला खेळ, खाणीतला पैसा

गोव्यात फुटबॉल आणल्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. साल १८८३, गाव बार्देशातले शिवोली. चर्च आणि शाळांच्या आधाराने खेळ गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की रिकामे शेत हेच मैदान होई आणि पुढचा पाऊस येईपर्यंत गावागावांत सामने रंगत. १९५९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या दोन वर्षे आधी, गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली.

गावाच्या हौसेला पैशाचे पाठबळ दिले ते लोहखनिजाने. दुसऱ्या महायुद्धानंतर डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले खनिज मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्जने मुरगावला जाई आणि तिथून जहाजाने जपानला. या व्यापारातून उभ्या राहिलेल्या घराण्यांनी फुटबॉलला हात दिला. साळगावकरांचा क्लब १९५६ पासून होता. वसंतराव धेंपो यांनी १९४१ मध्ये सुरू केलेली कंपनीही त्याच वाटेने आली. डिचोलीतला एक जुना क्लब समूहाने हाती घेतला. १९६८ हे धेंपो क्लबच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते.

धेंपो समूह मराठी वाचकाला परका नाही. गोव्यातले 'नवप्रभा' हे मराठी दैनिक याच समूहाचे. खाण, जहाजबांधणी, वर्तमानपत्र आणि शिक्षणसंस्था अशा पसाऱ्यात फुटबॉलचा क्लबही घरचाच मानला गेला. सत्तरच्या दशकात या क्लबने मुंबईच्या कुपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा तेव्हा देशातल्या मोठ्या स्पर्धांत मोडत असे. गोव्याचा संघ आता फक्त गोव्यापुरता नाही, हे मुंबईकरांना तिथे कळले.

अर्धी नोकरी, अर्धा खेळ

त्या काळात केवळ फुटबॉलवर घर चालवणे भारतात जवळपास अशक्य होते. बँका, रेल्वे, पोलीस, सैन्यदले, एअर इंडिया, टाटा, मफतलाल अशा संस्थांचे संघ होते. खेळाडू त्यांच्या हजेरीपटावर असे. सकाळी सराव, मग कचेरी किंवा कारखाना आणि हंगामात स्पर्धेसाठी रजा, असा दिनक्रम असे. क्लब हंगामापुरता करार करत आणि काही रक्कम देत. खेळणे बंद झाल्यावरही पगार चालू राहील, ही त्या नोकरीतली मोठी शाश्वती होती. या व्यवस्थेला अर्धव्यावसायिक म्हणून कमी लेखले जाते, पण भारतीय फुटबॉल अनेक दशके तिच्यावरच उभा राहिला.

१९९६ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली तीही याच पायावर. पहिला विजेता संघ फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीचा. गोव्याला पहिले विजेतेपद मिळाले ते १९९८-९९ मध्ये, साळगावकरच्या रूपाने. महाराष्ट्रातून महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये ही लीग जिंकली आणि त्या संघाचे प्रशिक्षक डेरिक परेरा गोव्याचेच होते. म्हणजे वर्षानुवर्षे देशाच्या शिखरावर गिरण्या, मोटारकारखाने आणि खाणी यांचे संघ एकमेकांशी झुंजत होते.

अशा व्यवस्थेतला धोकाही इथेच होता. क्लबचा श्वास मालकाच्या ताळेबंदावर चाले. महिंद्राने २००९-१० चा हंगाम संपल्यावर संघ बंद केला. पुढच्याच वर्षी जेसीटीने तेच केले. दोन माजी राष्ट्रीय विजेते मैदानात हरले म्हणून संपले नाहीत. कंपनीने निर्णय घेतला आणि ते संपले.

आर्मांदो कुलासो यांचा काळ

२००० मध्ये आर्मांदो कुलासो धेंपोचे प्रशिक्षक झाले. तेव्हा क्लबचे दिवस चांगले नव्हते. नव्या शतकाच्या सुरुवातीला धेंपोला दुसऱ्या विभागातून धडपडत वर यावे लागले. कुलासो यांनी गोव्यातली तरुण मुले हाताशी धरली आणि त्यांना वर्षानुवर्षे एकत्र ठेवले. बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मध्यात क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बगलेवर क्लिफर्ड मिरांडा. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. दरवर्षी संघ मोडून नवा बांधण्याची पद्धत असलेल्या देशात हा कणा जवळजवळ दशकभर टिकला. एकमेकांच्या हालचाली न बघता कळाव्यात इतकी सवय या खेळाडूंना झाली होती आणि प्रतिस्पर्ध्यांना तीच जड गेली.

२००३-०४ मध्ये धेंपो दुसरा आला. पुढच्या हंगामात फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागान समोर होता. तारीख ५ डिसेंबर २००४, मैदान बंगळूरचे कांतीरवा. धेंपोचा ब्राझिली आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. उत्तरार्धात दुसरा गोल करताना तो गोलरक्षकावर आदळला, कोसळला आणि पुन्हा उठला नाही. त्याचे वय अवघे २५ होते. धेंपोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनियरचे होते आणि चषक घेताना तो नव्हता. मैदानावर डॉक्टर, उपकरणे आणि रुग्णवाहिका किती तयारीत असतात, हा प्रश्न त्या दिवसानंतर देशभर विचारला गेला. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

एवढा घाव घेऊन तोच संघ पुन्हा मैदानात उतरला आणि त्याच हंगामात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब दुसरा आला. क्लबच्या इतिहासातले सर्वांत मोठे यश कोणते, असे विचारले तर मी पुढच्या चार विजेतेपदांआधी या हंगामाचे नाव घेईन. दुःखात सापडलेला संघ विस्कटला असता तरी कोणी दोष दिला नसता.

सात वर्षे गोव्याची

२००७-०८ पासून राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली. पहिल्या हंगामात दहा संघ होते. धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स दोघांचेही ३६ गुण झाले आणि गोलफरकावर धेंपो विजेता ठरला. पुढच्या वर्षी चर्चिल, मग धेंपो, मग साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. २००६-०७ ची शेवटची राष्ट्रीय लीग धरली तर २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचा विजेता गोव्याचा होता.

या सात वर्षांचे मोल आपल्या मोजमापाने पाहावे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि यवतमाळ जिल्ह्याची पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. यवतमाळ जिल्ह्याच्या निम्म्या लोकवस्तीच्या राज्याने सात वर्षे अख्ख्या भारताला हरवले. गावोगावचे मैदान, शाळांमधला खेळ, वर्षभर चालणारी स्थानिक लीग आणि पैसा लावणारी माणसे हे सगळे एकाच ठिकाणी जमले, म्हणून हे घडले.

२००८ मध्ये धेंपोने एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली आणि तिथे लेबनॉनच्या सफा क्लबकडून तो हरला. त्याच वर्षी भारताने एएफसी चॅलेंज चषक जिंकून २४ वर्षांनी आशिया चषकाचे दार उघडले. त्या भारतीय संघातही धेंपोचे खेळाडू होते. २०११ मध्ये कुलासो यांच्याकडे काही काळ राष्ट्रीय संघही सोपवला गेला. २०११-१२ च्या लीगमध्ये रँटी मार्टिन्सने एका हंगामात ३२ गोल केले.

पायाखालची जमीन सरकली

शिखरावर असतानाच चित्र बदलू लागले होते. २००९ मध्ये धेंपो समूहाने आपला खाणधंदा विकला. २०१२ मध्ये राज्य सरकारचा आदेश आणि मागोमाग सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे गोव्यातल्या खाणीच थांबल्या. ज्या खनिजाने गोव्याच्या फुटबॉलला पोसले, त्याचा ओघ आटला.

दुसरा बदल दिल्ली-मुंबईत ठरला. २०१० च्या अखेरीस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. शहरांच्या नावाचे संघ, टीव्हीवर भव्य मांडणी, परदेशी नामवंत खेळाडू. एफसी गोवा या नव्या संघात साळगावकर आणि धेंपो घराण्यांचाही वाटा होता. या लीगने खेळाडूंचे मानधन वाढवले आणि सरावाच्या सोयी सुधारल्या, हे मान्य करायलाच हवे. पण त्या लीगमध्ये पैसे भरून जागा मिळत होती, खेळून नव्हे.

कुलासो २०१३ मध्ये ईस्ट बंगालला गेले. २०१४-१५ मध्ये धेंपो आय-लीगच्या तळाच्या संघांत राहिला आणि त्याची दुसऱ्या विभागात घसरण झाली. त्याच वर्षी क्लबच्या रोमिओ फर्नांडिसला ब्राझीलच्या अत्लेतिको पारानाएन्सेने खेळायला नेले. म्हणजे संघ पडत असतानाही क्लबमधली घडण थांबली नव्हती. २०१५-१६ मध्ये धेंपोने दुसरा विभाग जिंकला आणि वरच्या श्रेणीतली जागा एका वर्षात परत मिळवली.

ती जागा क्लबने वापरली नाही. सुपर लीगला देशाची पहिली श्रेणी करून आय-लीगला खाली ढकलण्याचा आराखडा पुढे आला होता. कितीही जिंकले तरी वर जाता येणार नसेल तर खेळायचे कशासाठी, असा थेट सवाल करत २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. बाहेर पडण्याने नुकसान त्यांचेच झाले आणि गोव्यातल्या मुलांचे अधिक झाले. तरीही त्यांचा मुद्दा खरा होता.

पुन्हा चढण

माघारीनंतर धेंपोने दारे लावून घेतली नाहीत. महिंद्रा आणि जेसीटी यांच्यापेक्षा हा क्लब वेगळा ठरला तो इथे. जुने गोवे येथील एला मैदानावर मुलांचा सराव चालू राहिला आणि वरिष्ठ संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिला. ज्यांनी बचावाची भिंत सांभाळली होती ते समीर नाईक प्रशिक्षक म्हणून आले. त्या पिढीतले बाकीचेही पुढे गेले. क्लिफर्ड मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा एफसीने २०२३ चा सुपर चषक जिंकला आणि महेश गवळी राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाले. कुलासो यांनी घडवलेल्या संघातून प्रशिक्षकांची एक फळीच उभी राहिली.

२०२२-२३ मध्ये धेंपोने गोव्याची लीग जिंकली. २०२३-२४ मध्ये क्लब आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत उतरला, बंगळूरच्या स्पोर्टिंग क्लबमागोमाग दुसरा आला आणि २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये परतला. पाच वेळच्या विजेत्याला त्याच्या नावावर कोणी जागा दिली नाही, ती त्याने गुणांवर कमावली. दरम्यान वरचे दारही थोडे किलकिले झाले. आय-लीग जिंकून २०२३ मध्ये पंजाबचा संघ आणि २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग सुपर लीगमध्ये पोचले. तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये जी मागणी केली होती, तिचा एक हिस्सा असा सात वर्षांनी मान्य झाला.

आपण काय घ्यावे

महाराष्ट्रात खेळाची माणसे कमी नाहीत. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात. त्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला आणि पुढे भारताच्या वरिष्ठ संघातही पोचला. आपल्या यवतमाळच्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे, डेनिमची गिरणी आहे आणि संध्याकाळी मैदान शोधणारी मुले आहेत. डिचोलीत खाणमालकांनी जे केले ते कारखानदार इथेही करू शकतात. मात्र महिंद्रा आणि जेसीटीचा शेवट लक्षात ठेवून क्लब एका कंपनीच्या मर्जीवर न बांधता गाव, शाळा आणि उद्योग यांनी मिळून बांधावा. सुरुवात जिल्ह्याच्या लीगने करावी. ती दरवर्षी, ठरलेल्या तारखांना, पंचांसह आणि प्रथमोपचाराच्या सोयीसह भरली पाहिजे.

उरलेले काम महासंघाचे आहे. जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून आय-लीगमध्ये आणि तिथून देशाच्या पहिल्या श्रेणीत जाण्याची वाट कायम खुली हवी, आणि वरून खाली येण्याचीही. दुसऱ्या विभागातून आलेला संघ थोड्याच वर्षांत देश जिंकू शकतो, हे धेंपोने एकदा करून दाखवले आहे. ती वाट बंद केली तर असा दुसरा क्लब भारतात तयार होणार नाही.