एका नावाचे अनेक धनी

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली गाडी मुंब्र्याचा डोंगर मागे टाकून ज्या दिव्याला येऊन थांबते, त्या आमच्या दिव्याला जवळपासच नामबंधू आहेत. पारसिकच्या डोंगरापलीकडे, खाडीच्या बाजूस, ऐरोलीला लागून एक दिवा गाव आहे. उल्हास नदीच्या पैलतीरी भिवंडी तालुक्यात दिवे-अंजूर आहे. आणि दृष्टी थोडी लांब टाकली तर रायगडच्या किनाऱ्यावर दिवेआगर आणि पुण्याहून सासवडकडे चढणारा दिवे घाट, ही त्याच नावाच्या गोतातली वाटावीत अशी स्थळे आढळतात. एकाला रेल्वेने 'जंक्शन' ही पदवी दिली, दुसरे ऐरोलीच्या आधाराने ओळखले जाऊ लागले, तिसऱ्याने शेजारच्या गावाचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. त्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या साष्टी-वसईच्या मोहिमेत मराठ्यांना केलेले साह्य ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या जोडनावातील दुसरा शब्द पहिल्याइतकाच वजनदार वाटल्यावाचून राहणार नाही.

एका नावाच्या दोन वस्तूंत भेद राखण्याची ही रीत मुलकी दफ्तरात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. मौजे, तर्फ, परगणा, प्रांत अशा चढत्या क्रमाने गावाचा पत्ता लिहिला, की त्याच नावाचे दुसरे गाव त्या पत्त्यावर उभे राहू शकत नसे. आणि दोन्ही गावे एकाच तर्फेत पडली, तर वडील वस्तीला बुद्रुक व धाकटीला खुर्द म्हणून वाटणी केली जाई. सारा कोणत्या पांढरीवर बसवायचा आणि इनामाची सनद कोणत्या शिवारावर चालवायची, हे प्रश्न जेथे नित्य उपस्थित होत, तेथे ही दक्षता हौसेची बाब नव्हती. नावात चूक झाली तर एका गावचा बोजा दुसऱ्या गावच्या माथी बसत असे.

मात्र जेथे असा व्यवहाराचा तगादा नसतो, तेथे घोटाळा शतकानुशतके टिकून राहतो. आमच्या शेजारच्या कल्याणचेच उदाहरण घ्यावे. उल्हासच्या काठचे हे बंदर इतके प्राचीन, की कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख येतो. परंतु चालुक्यांचे कल्याण हे नव्हे. पहिल्या सोमेश्वराने मान्यखेटाहून राजधानी नेली ती आजच्या बीदर जिल्ह्यातील कल्याणात. सहाव्या विक्रमादित्याचा दरबार भरला तो तेथे. आणि ज्या मिताक्षरेच्या आधारे इंग्रजी अमदानीतील न्यायाधीशांनी हिंदू कुटुंबांच्या वारशाचे निवाडे केले, ती टीका विज्ञानेश्वराने लिहिली तीही त्याच नगरीत. बसवेश्वरांच्या नावाने त्या नगराला बसवकल्याण म्हणू लागल्यापासून ही गल्लत पुष्कळ कमी झाली असली, तरी आमच्याकडील अभिमानी मंडळी विक्रमादित्याला अजूनही अधूनमधून उल्हासच्या घाटावर आणून बसवतात. कान्हेरीचे दानलेख पदरी असणाऱ्या गावाने परक्याचे वैभव उसने घ्यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गावांची ही कथा, तर माणसांची त्याहून अवघड. मराठी मुलखात नावांचा साठाच मुळी मोजका, कारण नाव हे नव्याने शोधण्याची वस्तू नसून घराण्याच्या ठेवीतून काढून द्यावयाची वस्तू होती. आजोबांचे नाव नातवाला द्यावे, म्हणजे गेलेला वडील माणूस घरात परत वावरू लागतो, या श्रद्धेने एकेका कुळात दोन-तीन नावेच पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून फिरत राहिली. पेशव्यांच्या वंशावळीत हे स्वच्छ दिसते. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, आणि थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. माधवराव दोन झाले तेव्हा पहिल्यांना 'थोरले' आणि पुतण्याला 'सवाई' म्हणावे लागले. छत्रपतींच्या घराण्यात शहाजीराजांचा वडील पुत्र संभाजी, शिवछत्रपतींचा पुत्र संभाजी आणि पुढे कोल्हापूरच्या गादीवरचा संभाजी असे तीन संभाजी येतात. शाहू म्हणावे तर साताऱ्याचे शाहू महाराज वेगळे आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, आणि दोघांच्या मृत्यूंमध्ये पावणेदोनशे वर्षांचे अंतर.

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याने चिमाजीअप्पांच्या बाबतीत तरी ही काळजी घ्यावी. १७३७ साली ठाण्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, आणि ज्यांनी ती मोहीम सिद्धीस नेली ते चिमाजी बल्लाळ पुढच्याच वर्षी निवर्तले. दुसरे चिमाजीअप्पा हे राघोबादादांचे पुत्र, म्हणजे पहिल्या चिमाजींच्या पुतण्याचे चिरंजीव. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन १७९६ साली त्यांना पेशवाईची वस्त्रे देण्यात आली, आणि काही महिन्यांतच ती उतरवण्यात आली. एकाच्या पाठीशी उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा शेवट आहे, तर दुसऱ्याच्या पाठीशी नाना फडणीस, परशुरामभाऊ आणि दौलतराव शिंदे यांच्या डावपेचांत प्यादे झालेल्या एका तरुणाची करुण कहाणी. आणि दोघांचे नाव मात्र अक्षरशः एक.

दफ्तरातील कारकुनांनी यावर काढलेला तोडगा साधा आणि अचूक होता. माणसाच्या नावापाठीमागे बापाचे नाव आलेच पाहिजे, हा तो दंडक. सातारा-पुण्याच्या कागदांत नाना फडणीस 'बाळाजी जनार्दन' म्हणून भेटतात, आणि म्हणूनच बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव किंवा शिवकाळातले चिटणीस बाळाजी आवजी यांच्याशी त्यांची गल्लत होत नाही. कुणबी, आगरी, कोळी रयतेच्या नावात बापाच्या नावाआधी 'बिन' येई, मुसलमान खातेदाराच्या नावात 'वलद'. ज्या टापूत पाटील, म्हात्रे, भोईर, भगत अशी थोडकी आडनावे गावोगाव पसरलेली आहेत, त्या आमच्या टापूत या एका शब्दावर जमिनीचा धनी ठरत असे. जुना फेरफार उघडावा, तर एकाच पानावर चार 'धर्मा' सापडतात; एक धर्मा बिन राघो, दुसरा धर्मा बिन पदू, तिसऱ्यापुढे वडिलांच्या नावाखेरीज 'थोरला' अशी पुस्ती, चौथ्यापुढे पाड्याचे नाव. त्या चार शब्दांच्या बळावर चार कुटुंबांची भातखाचरे आणि खारजमिनी शाबूत राहिल्या. आणि जेथे कारकुनाने आळस करून 'बिन' गाळला, तेथे पुढच्या पिढीने मामलेदाराच्या आणि दिवाणी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.

लोकभाषेने मात्र लिहिण्याची ही शिस्त पाळली नाही. तिला लाडके नाव पुरे. 'नाना' म्हटले की प्रसंग पाहून समजून घ्यावयाचे: शनिवारवाड्यावरचे नानासाहेब, मेणवलीचे नाना फडणीस, सत्तावनचे नानासाहेब धोंडोपंत, की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी नेणाऱ्या रेल्वेच्या उभारणीत ज्यांनी पुढाकार घेतला ते जगन्नाथ शंकरशेट. पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तो मार्ग दिव्याच्या भूमीवरून कल्याणपर्यंत पोहोचला. म्हणजे या चार नानांपैकी ज्यांचे ऋण आम्ही रोज लोकलमध्ये बसताना घेतो, ते चौथे.

स्त्रियांच्या नावांचा विचार केला की या विषयाची एक वेगळीच आणि क्लेशकारक बाजू समोर येते. पुरुषाचे नाव निदान आजोबांकडून आलेले असे; स्त्रीचे जन्मनाव लग्नात तांदळाच्या ताटात पुसले जाई आणि सासरच्यांना आवडणाऱ्या रमा, आनंदी, लक्ष्मी, जानकी, सरस्वती अशा पाचपन्नास नावांतून एक तिच्यावर ठेवले जाई. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेची गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाल्यावर आनंदी झाली. तीच पुढे पेनसिल्व्हेनियात जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, आणि स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, पुण्यास वारली. न्यायमूर्ती रानड्यांची द्वितीय पत्नी म्हणून कुर्लेकरांच्या घरातून जी मुलगी आली, तीही यमुना; तिची रमा झाली. दोन यमुना, आणि दोघींची माहेरची नावे आज किती जणांना सांगता येतील?

आनंदीबाईंना तर एका जुन्या नावाचा भार वाहावा लागला. नारायणरावांच्या १७७३ सालच्या खुनाशी आणि 'ध'चा 'मा' केल्याच्या आख्यायिकेशी राघोबादादांच्या पत्नीचे नाव लोकमानसात इतके घट्ट चिकटले, की आनंदीबाई म्हणताच प्रथम तीच डोळ्यांपुढे यावी. मग कल्याणच्या आनंदीबाई. आणि त्यानंतर धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, ज्यांना कर्व्यांच्या घरी आनंदी हेच नाव मिळाले. या तिसऱ्या आनंदीबाईंचे माहेरही जोश्यांचेच. रमाबाईंची गणती आणखी लांबते. थेऊरला १७७२ साली सती गेलेल्या पेशवीणबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि डॉ. आंबेडकरांच्या सहधर्मचारिणी रमाबाई या चौघी. यांपैकी मधल्या दोघी समकालीन, पुण्यात एकमेकींच्या सहवासात आलेल्या, १८८२ साली निघालेल्या आर्य महिला समाजाशी दोघींचाही संबंध. कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली 'पंडिता' ही पदवी नसती, तर त्या काळच्या वृत्तांतांतून कोणत्या रमाबाईंनी काय म्हटले हे निवडणे अभ्यासकांना फार जड गेले असते. कल्याणच्या आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, त्या समारंभाला हजर होत्या त्या पंडिता रमाबाई. हे वाक्य 'रमाबाई' एवढेच लिहून सोडले, तर वाचकाने रानड्यांच्या पत्नीला अमेरिकेस पाठवले म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

व्यापारी मालाच्या बाबतीत हीच अडचण कायद्याच्या दारात गेली. ठाण्यात बेडेकर म्हटले की विद्या प्रसारक मंडळाचे डॉ. वा. ना. बेडेकर आठवतात, गिरगावात म्हटले की लोणची आणि मसाले, वाङ्मयात म्हटले की 'रणांगण'कार विश्राम बेडेकर. या तिघांत स्पर्धा नाही म्हणून तंटाही नाही. परंतु एकच आडनाव आणि एकच धंदा असे जुळून आले, की दुकानाच्या पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' असे रंगवण्याची पाळी येते. १९४० च्या कायद्याने व्यापारचिन्हांच्या नोंदणीची व्यवस्था या देशात केली. तरी आपल्या स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे, आणि तो राखणे मला न्याय्य वाटते.

संतवाङ्मयात मात्र न्याय देण्यास कोणी न्यायाधीश नाही. नामदेव शिंपी तेराव्या-चौदाव्या शतकातले, विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला. परंतु अभंगाच्या शेवटी मुद्रा 'नामा' हीच पडल्याने धाकट्याच्या कित्येक रचना थोरल्याच्या गाथेत जाऊन मिसळल्या. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. ए. भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष असल्याचा पक्ष मांडला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. एकीकडे दोघांचा एक झालेला, दुसरीकडे एकाचे दोन केलेले. पुराणांतील नावांची व्यवस्था लावताना सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी आपल्या प्राचीन चरित्रकोशात एका नावाखाली क्रमांक घालून व्यक्ती वेगळ्या केल्या, म्हणूनच दुष्यंताचा भरत, दशरथाचा भरत आणि जडभरत हे त्या कोशात आपापल्या जागी नांदतात.

या संतकवींची आणि पंतकवींची मोजदाद ज्यांनी जन्मभर केली, ते 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे आमच्या ठाण्याचे. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उद्योगाने. जुन्या पोथ्या मिळवणे, त्यांतील कवींचे काळ ठरवणे, एका नावाखाली गेलेले काव्य त्याच्या खऱ्या कर्त्याच्या पदरात घालणे, हे त्यांच्या आयुष्याचे कार्य. १९२६ साली ते गेले. पुढे पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनायक नरहर भावे 'विनोबा' या नावाने देशभर पूजनीय झाले, आणि डोंबिवलीत राहिलेले कथाकार पु. भा. भावे १९७७ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आज 'विनायक भावे' असे म्हटले तर बहुतेकांच्या मनात भूदानाची पदयात्रा उभी राहते, आणि नुसते 'भावे' म्हटले तर ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या वाचकाला पु. भा. आठवतात, या दोहोंच्या मध्ये ठाण्याच्या भाव्यांचे नाव दबून गेले आहे. विनोबांचे मोठेपण आणि पु. भां.च्या लेखणीचे तेज ही दोन्ही मला मान्य आहेत. तरी ज्या पुरुषाने इतरांची नावे वेगळी काढण्यासाठी डोळे शिणवले, त्याच्याच नावाची ही अवस्था व्हावी, ही ठाणेकरांच्या कर्तव्यात राहिलेली मोठी उणीव आहे.

ग्रंथपालांनी ती राहू दिलेली नाही. सूचीच्या खणात 'भावे' या आडनावाखाली प्रथम 'पुरुषोत्तम भास्कर', मग 'विनायक नरहर' आणि त्यापुढे 'विनायक लक्ष्मण' असे स्वतंत्र पत्ते लागतात, आणि बापाच्या नावाने केलेला तोच जुना भेद तेथे कामास येतो. 'महाराष्ट्र सारस्वता'ला पुढे शं. गो. तुळपुळे यांनी विस्तृत पुरवणी जोडली, तेव्हाही त्यांनी मूळ ग्रंथ भाव्यांच्या शब्दांत जसाच्या तसा ठेवून आपले नवे संशोधन पुरवणीत वेगळे मांडले. त्यामुळे कोणते मत भाव्यांचे आणि कोणते तुळपुळ्यांचे, हे तो ग्रंथ हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला आजही पान उलटताच कळते.