जोडीला जोड : नागझिरा परिसरातील शंकरपटाची परंपरा

१९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झालेले नागझिऱ्याचे अरण्य गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेले असून, १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत होता. अरण्याभोवतीच्या साकोली, सडक अर्जुनी, गोरेगाव आणि तिरोडा या तालुक्यांत कोहळी, पोवार, कुणबी, गोंड अशा समाजांची वस्ती आहे. तिचा मुख्य आधार धानाची शेती हा आहे आणि हा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात मोडतो. भारतातील शेतकरी फार पूर्वीपासून बैलांच्या वेगावर पैजा लावीत आले. झाडीपट्टीत त्या परंपरेने जे रूप घेतले त्याला शंकरपट असे नाव आहे.

पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि नंदी हे शंकराचे वाहन असल्यामुळे या शर्यतीला शंकराचे नाव मिळाले, असे लोक मानतात. पुणे जिल्ह्यातील घाटात एका वेळी एकच गाडा धावतो आणि त्याने घेतलेल्या वेळेवरून निकाल लागतो, तर सांगली-साताऱ्याकडे अनेक गाड्या एकाच वेळी मैदानात सुटतात. झाडीपट्टीतील पटात मात्र शेजारीशेजारी आखलेल्या दोन सरळ धावपट्ट्यांवर, ज्यांना दाण म्हणतात, दोन जोड्या एकमेकींविरुद्ध उतरतात. प्रत्येक जोडीमागे हलकी दोनचाकी गाडी असते आणि तीवर बसून बैल हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. अशी ही शर्यत मुळात दोघांची झुंज असल्याने प्रतिस्पर्धी येथे गर्दीत हरवत नाही. त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या बैलांची चाल पाहणाऱ्यांच्या ध्यानात राहते.

मराठीतील ‘जोड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : एका जुवाखालची दोन जनावरे आणि बरोबरीचा प्रतिस्पर्धी. शंकरपटात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तोडीस तोड जोड समोर आल्याशिवाय चांगल्या बैलांचा कस लागत नाही, म्हणून ज्याला हरवायचे त्यालाच आग्रहाने बोलवावे लागते, आणि ज्याने हरवले त्याच्याकडून बैलांची निवड, खुराक आणि सराव यांविषयी शिकावेही लागते. धुरकऱ्यांमधील चुरस आणि स्नेह यांचे मूळ असे एकच आहे.

या स्नेहाला ऋतुचक्रानेही आधार दिला. धानाची कापणी आटोपली की बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेते, मोकळ्या होतात, हाती पैसा येतो आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हणजे बाजार, करमणूक आणि सोयऱ्याधायऱ्यांची भेट यांचा एकत्रित मेळा. त्याच हंगामात पट होतात. लाखनी आणि सानगडी यांसारख्या गावांचे पट पंचक्रोशीबाहेरही ओळखले जातात. दिवसभर पट पाहून पाहुणे रात्री गावातच थांबत, आणि त्यांच्यासाठी दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये आणि पुढे नाटक रंगू लागले. वडसा-देसाईगंज येथे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम आजही दिवाळीनंतर सुरू होतो, आणि तिच्या वाढीत मंडई आणि पट यांच्या गर्दीचा वाटा मोठा आहे. दुपारी एकमेकांविरुद्ध ओरडणारी दोन गावे रात्री एकाच मांडवात बसत, आणि अशाच भेटींत सोयरिकीही जुळत.

मात्र या चुरशीची किंमत मुक्या जनावरांनीही मोजली आहे, हे नाकारता येत नाही. तुतारी, म्हणजे टोकदार खिळा बसवलेली काठी, बैलाला टोचणे, शेपटी पिरगाळणे, क्षमतेपलीकडे पळवणे, असे प्रकार शर्यतींत घडत आले. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने प्रदर्शन आणि खेळ यांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. शर्यतींना वाट मोकळी करण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, परंतु तीही न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असून, बैलांना क्रूर वागणूक दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

बंदीच्या त्या वर्षांत केवळ एक खेळ थांबला असे नाही, तर गावांना एकमेकांकडे जाण्याचे एक निमित्तही हरवले. नांगरणीसाठी ट्रॅक्टर आल्यामुळे गोठ्यातले बैल आधीच कमी होत आहेत. अशा काळात पट पुन्हा सुरू झाले असले, तरी केवळ इनामाच्या रकमा वाढवून ही परंपरा टिकणार नाही. समोरच्या जोडीचा मान राखणे आणि जुवाखालच्या बैलाला दुखापत होऊ न देणे, या दोन गोष्टी सांभाळल्या गेल्या, तरच शंकरपट हा झाडीपट्टीचा वारसा म्हणवून घेण्यास पात्र ठरेल.