काळा पळस

फाल्गुनात शहापूरहून माहुलीकडे किंवा मुरबाडहून माळशेजच्या वाटेला निघालो की रान बरेचसे निष्पर्ण झालेले दिसते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. कांडोळीचे खोड उन्हात पांढरेफटक चमकते. कोशिंबाला कोवळी लाल पालवी आलेली असते आणि मधूनमधून पळस पेटलेला असतो.

अशा रानातून मुलांबरोबर परतल्यावर आम्ही फोटो पाहत बसलो होतो. एका मुलीने मोबाइलवर एक चित्र काळे-पांढरे करून पाहिले. ऐनाची साल अधिकच उठून दिसू लागली, पण पळस फांद्यांच्या करड्या रंगात मिसळून गेला. तिने विचारले, ‘‘मग जुन्या काळच्या फोटोत पळस कसा दिसत असेल?’’

उत्तर असे, की तो काळा दिसत असे. का, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

छायाचित्रणाचा आणि वनस्पतींचा संबंध जन्मापासूनचा आहे. १८३९ साली इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी आपली पद्धत जाहीर केली. चांदीचे क्षार लावलेल्या कागदावर पान ठेवून तो कागद उन्हात धरायचा, की पानाची आकृती शिरांसकट उमटे. १८४३ पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशैवालांच्या अशाच निळ्या छापांचे पुस्तक भागाभागांनी काढले. पोत आणि आकार यांत काही कमी नव्हते. उणीव होती ती रंगाची.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक. पण त्या काळी रानात फोटो काढणे सोपे नव्हते. काचेवर ओला थर चढवायचा, तो वाळण्यापूर्वी फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूच्या अंधारात तो धुवायचा. वाऱ्याने पान हलले की चित्र पुसट होई. एवढे करूनही रंग येत नसत ते नसतच.

म्हणून रंगाचे काम चित्रकाराकडेच राहिले. पुण्याजवळच्या दापोडीला तेव्हा सरकारी वनस्पती-उद्यान होते. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक, आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका स्थानिक चित्रकाराकडून वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत. दापुरी चित्रे म्हणून ती प्रसिद्ध आहेत, पण काढणाऱ्याचे नाव मात्र नोंदलेले नाही.

आता काळ्या पळसाकडे वळू. काचेवरचे चांदीचे क्षार मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश शोषतात. हिरव्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. पूर्वी डार्करूममध्ये तांबडा दिवा चाले तो याचमुळे. पळसाच्या फुलाकडून येणारा शेंदरी प्रकाश काचेवर काहीच खूण करीत नसे. निगेटिव्हवर ती जागा कोरी राही आणि कागदावर काळी उमटे. उलट निळे आकाश पांढरे येई. म्हणजे कॅमेरा खोटे बोलत नव्हता. त्याला तेवढेच दिसत होते.

१८७३ साली जर्मनीत फोगेल यांना आढळले, की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरवा प्रकाशही टिपू लागते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये एदमाँ बेकरेल यांनी त्यासाठी हरितद्रव्य वापरले आणि काचेला तांबडा प्रकाश जाणवू लागला. यात गंमत आहे. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, म्हणून तर पान हिरवे दिसते. पानाचे तेच द्रव्य फोटोच्या काचेला तांबडे पाहायला शिकवू शकले!

१९०७ साली ल्युमिएर बंधूंची रंगीत काच बाजारात आली. तिच्यावर बटाट्याच्या स्टार्चचे शेंदरी, हिरवे आणि जांभळे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. आजच्या मोबाइलमध्येही तत्त्व तेच आहे. संवेदकावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. १९७६ साली बेयर यांनी पेटंट घेतलेल्या मांडणीत चारांपैकी दोन गाळण्या हिरव्या असतात, कारण आपल्या डोळ्याला उजेडातला सूक्ष्म फरक हिरव्या रंगात सर्वांत चांगला कळतो.

या इतिहासाचा एक प्रयोग वर्गात करता येतो. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे मुलांना घरून माहीत असते. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून अंधारात वाळवा, त्यावर नेच्याचे पान आणि वर काच ठेवून उन्हात ठेवा. पानाखालचा भाग पिवळा राहतो, बाकीचा फिकटतो. वनस्पतींच्या रसाने चित्र उमटवण्याची ही पद्धत हर्शेल यांनी १८४२ साली अभ्यासली होती. हे चित्र पक्के मात्र करता येत नाही.

पण आमच्या मते खरे काम याच्या पुढचे आहे. शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा धरण पुरे झाले आणि पुढे भातसा. मुंबईला पाणी मिळाले, खोऱ्यांतले रान बुडाले. तानसाच्या खोऱ्यातल्या पळसाचा त्या काळी कोणी फोटो घेतला असता, तरी तो काळाच आला असता. आज साधने हातात आहेत आणि रान बदलतेच आहे. शाळेजवळची पाच झाडे निवडा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच जागेवरून फोटो घ्या. चित्रात एक पांढरा कागद ठेवा, म्हणजे सावलीतल्या हिरव्या उजेडाने रंग किती बदलला ते कळेल. सालीजवळ फूटपट्टी धरा. आणि झाडाचे गावातले नाव, जागा आणि तारीख वहीत लिहा. कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हे पुढच्या पिढीलाच कळणार आहे. तेव्हा ती वही त्यांच्या उपयोगी पडेल. फक्त एक करा : वहीवर नोंद करणाऱ्या मुलांची नावे घालायला विसरू नका.