संपाच्या काळातील वाकळ

गिरणी संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, खाणावळवाल्या बायकांची क्वचितच. आमच्या घरी त्या काळाचा एक पुरावा आहे. तो म्हणजे सासूबाईंनी शिवलेली वाकळ.

लालबागच्या चाळीत सासूबाई बारा कामगारांना जेवण घालीत. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सासूबाईंपर्यंत ते पोचले नव्हते. १९८१ च्या दिवाळीनंतर त्यांनी वाकळ शिवायला घेतली. वरखाली जुनी लुगडी, मध्ये मामंजींची धोतरे. कडेने टाके घालीत आत आत जायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. कडेच्या ओळी तांबड्या, विकतच्या दोऱ्याच्या आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले, जेवणारे मात्र रोज येत. सासूबाईंनी सहा महिने उधारीवर ताटे वाढली, त्यापायी पाटल्या गहाण पडल्या. मग एकेक जण गावी गेला. मामंजींनाही गिरणीने परत घेतले नाही आणि बिऱ्हाड साताऱ्याकडे, गावी आले.

वाकळ वळकटीतच होती. तिच्या मधल्या ओळी पांढऱ्या आहेत. तो दोरा पिठाच्या पोत्याची शिवण उसवून काढलेला! शेवटचा टाका पडला १९८४ साली. जेवणाऱ्यांपैकी तिघांनी पुढे मनीऑर्डरने पैसे फेडले. बाकीच्यांविषयी सासूबाई कधी वावगे बोलल्या नाहीत. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत.