तारेंतला दुबळा संदेश

माझे वडील बंधु इंदुरास असतात. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचें घराबाहेर पडणें बंद झालें आहे आणि शब्दही अडखळत येतात. दर रविवारीं सकाळीं मी त्यांच्याशीं पडद्यावर बोलतों. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत इंटरनेट येतें तें केबलच्या तारेनें. गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं असें होऊं लागलें कीं, दादांचें चित्र मध्येंच गोठावें, आवाजाचे तुकडे व्हावेत, आणि ज्या एका शब्दासाठीं ते बराच वेळ धडपडत असत नेमका तोच गळून जावा. मीं मास्तरकीच्या संवयीनें निदान करून टाकलें: संदेश दुबळा आहे, तर त्यास बळ द्यावें. बाजारांतून एक अँप्लिफायर आणून तारेस जोडला. त्यानें दुखणें वाढलें.

पुढें वाचनांत आलें कीं, माझ्या या चुकीस दीडशें वर्षांहून जुनी परंपरा आहे, आणि तिचा मूळ पुरुष चांगला शिकलेला डॉक्टर होता! ती हकीकत आज श्रोत्यांस सांगावयाची आहे.

ता. ५ ऑगस्ट १८५८ रोजीं आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशीं टाकलेली विजेची तार पुरी झाली. साडेतीन लक्ष पौंड भांडवलाची कंपनी तिच्यामागें होती. ता. १६ रोजीं व्हिक्टोरिया राणीचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांस गेला. शब्द ९८, आणि वेळ लागला सुमारें सोळा तास. म्हणजे एका शब्दास जवळजवळ दहा मिनिटें! दोन्ही तीरांवर रोषणाई चालली होती, आणि तारघरांतील मंडळी मात्र एकेक अक्षर पुनःपुन्हा विचारीत बसली होती.

याचें कारण विल्यम टॉमसन यांनीं, जे पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले, तीन वर्षें आधींच सांगून ठेविलें होतें. समुद्रांतील तार म्हणजे आंत तांबें, त्याभोंवतीं गटापर्च्याचें वेष्टण व बाहेर खारें पाणी. ही रचना वीज सांठवून ठेवणाऱ्या बरणीसारखी आहे. एका टोंकास दिलेला विजेचा झटका दुसऱ्या टोंकास तसाच तीक्ष्ण पोंचत नाहीं. तो पसरतो, रेंगाळतो, आणि मागून येणाऱ्या झटक्यांत मिसळतो. टॉमसन यांचा नियम असा कीं, लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो. यावर उपाय दोन: तांबें व वेष्टण जाड घेणें, आणि ऐकणारें यंत्र अत्यंत नाजूक करणें.

कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ डॉ. व्हाइटहाउस यांस हें गणित मान्य नव्हतें. संदेश पोंचत नाहीं ना, मग जोर वाढवा, हें त्यांचें शास्त्र. पांच पांच फूट लांबीचीं वेटोळीं लावून त्यांनीं सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब त्या तारेवर दिला. तार आधींच कच्ची होती. ती घडवितांना व सांठवितांना झालेली हयगय चौकशींत उघड झाली, तेव्हां सगळा दोष एकट्या व्हाइटहाउस यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु आजाऱ्यास चाबूक मारावा तसा हा उपचार झाला, आणि कांहीं आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली.

त्या थोडक्या दिवसांत जे कांहीं वाचतां आलें तें टॉमसन यांच्या यंत्रानें. रेशमाच्या धाग्यावर टांगलेला एक चिमुकला आरसा, पाठीमागें चुंबकाचे बारीक तुकडे, आणि दिव्याचा परावर्तित किरण पट्टीवर डावीउजवीकडे सरकतो. जोर नाहीं, नुसतें लक्षपूर्वक ऐकणें!

मरण्यापूर्वीं या तारेनें एक काम केलें, त्याचा संबंध आपल्या देशाशीं आहे. १८५७ च्या उठावामुळें कॅनडांतील दोन पलटणींस तेथून निघण्याचे हुकूम झाले होते. मध्यंतरीं उठाव ओसरला. तेव्हां ते हुकूम रद्द झाल्याचा संदेश ऑगस्टअखेर या तारेनें गेला आणि ब्रिटिश सरकारचे सुमारें पन्नास हजार पौंड वांचले. त्या पैशाचें मोल तेव्हां इकडील लोकांस काय वाटलें असेल, तें निराळें. टिकाऊ अटलांटिक तार पडली १८६६ सालीं, ग्रेट ईस्टर्न जहाजावरून. आणि १८७० सालीं त्याच जहाजानें मुंबई ते एडन तार टाकली.

आपल्या भिंतीवरून येणारी काळी जाड केबल, जिला कोअॅक्सिअल म्हणतात, तिची कल्पना ऑलिव्हर हेविसाइड यांनीं १८८० सालीं इंग्लंडांत पेटंट केली. मधोमध तांब्याची तार व तिच्याभोंवतीं धातूचीच नळी, म्हणजे आंतील संदेश बाहेर सांडत नाहीं व बाहेरचा कोलाहल आंत शिरत नाहीं. हेविसाइड यांनीं सोळाव्या वर्षीं शाळा सोडली व नंतर महाविद्यालयाचें तोंड पाहिलें नाहीं. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं, म्हणून या गृहस्थांविषयीं मला विशेष आपलेपणा वाटतो. अमेरिकेंत एस्पेनशीड व ॲफेल यांनीं १९२९ सालीं अनेक संदेश एकदम वाहून नेणाऱ्या अशाच तारेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तेथून ती व्यवहारांत आली.

मापाचीही गंमत आहे. टेलिफोनचे इंजिनिअर पूर्वीं आवाजाची झीज 'प्रमाण केबलचे मैल' या मापानें मोजीत. पुढें त्या जागीं डेसिबेल आला. त्याचा हिशेब सोपा: तीन डेसिबेल गेले कीं शक्ति निम्मी, दहा गेले कीं दशांश.

१९४८ साल संपतां संपतां ओरेगॉनमधील ॲस्टोरिया गांवीं पार्सन्स नांवाच्या गृहस्थांनीं हॉटेलच्या छपरावर अँटेना उभारून सिॲटलचें दूरचित्र तारेनें खालीं आणलें. १९५० सालीं पेनसिल्व्हानियांतील लॅन्सफर्ड या डोंगरांतल्या गांवीं टार्ल्टन यांनीं घरोघर केबल नेली, आणि त्यांत वापरलेले अँप्लिफायर मुळांत मोठ्या निवासी इमारतींसाठींच बनविलेले होते. वाटेंत झालेली झीज ते भरून काढीत. पण प्रत्येक अँप्लिफायर संदेशाबरोबर खरखरही वाढवितो, व स्वतःची थोडी भर घालतो. म्हणून तो कोठें बसवावा याला महत्त्व असतें. संदेश सशक्त असतांनाच बसविला तर उपयोग. कोलाहलांत बुडाल्यावर बसविला तर कोलाहलच मोठा होतो.

आपल्याकडे १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास गच्चीवरून गच्चीवर, खिडकींतून खिडकींत केबली धांवूं लागल्या. १९९७ सालीं अमेरिकेंत केबलवरील इंटरनेटचे एकरूप नियम ठरले. चित्र एकतर्फी येत असे. इंटरनेटला उलट उत्तरही पाठवावें लागतें. घरांतील मोडेमला वरचा संदेश ऐकूं आला पाहिजे, आणि त्याचें बोलणें केबल-कचेरींत पोंचलें पाहिजे.

आतां माझ्या घरीं काय चाललें होतें पाहा. केबल-कचेरींतून एक तरुण आला. त्यानें प्रथम माझा अँप्लिफायर काढून टेबलावर ठेवला, कांहीं बोलला नाहीं. मग मोडेमचें पान उघडून दाखविलें. येणाऱ्या संदेशाची पातळी उणें १३ होती. ती उणें ७ ते अधिक ७ यांमध्यें असावी. मोडेम स्वतः ५२ च्या पातळीवर, म्हणजे जवळजवळ गळा फाटेपर्यंत, ओरडत होतें. दारापासून मोडेमपर्यंत दोन स्प्लिटर लागले होते. पहिला दूरदर्शन-संचासाठीं, दुसरा आईच्या खोलींतील संचासाठीं. आई जाऊन सात वर्षें झालीं, संच केव्हांच दिला, तारेचें टोंक मात्र भिंतीशीं उघडें लोंबत होतें व बाहेरची खरखर आंत घेत होतें. एका स्प्लिटरांत साडेतीन डेसिबेल जातात. दोहोंत सात, म्हणजे हातीं राहतो पांचवा हिस्सा. शिवाय गच्चीवरील जोड पावसानें हिरवा पडला होता.

दूरदर्शन-संच आम्हीं लावीत नाहीं, म्हणून त्यानें दोन्ही स्प्लिटर काढून तार सरळ मोडेमला दिली, गच्चीवरचा जोड कापून नवा बसविला व त्यावर रबरी टोपी चढविली. नवें यंत्र एकही लावलें नाहीं. येणारा आंकडा उणें ४ झाला, जाणारा ४३ वर उतरला.

त्या रविवारीं दादांनीं एक वाक्य पुरें करावयास बराच वेळ घेतला. मी मध्यें बोललों नाहीं. "तुझ्याकडे पाऊस आला कां रे?" असें तें वाक्य होतें, आणि तें सबंध पोंचलें. अँप्लिफायर मात्र दुकानदारानें परत घेतला नाहीं.