न्हावा-शेवा, २०१७ : फायरवॉल सापडली, पुढे काय?

जून २०१७च्या अखेरीस उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं जीटीआय टर्मिनल अडकलं. संगणक बंद, काम हाताने. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरच्या यंत्रणेत ‘नॉटपेट्या’ पसरला होता. हे तुम्हाला का सांगतोय? वेबसाइटपुढे फायरवॉल आहे का, हे स्क्रिप्टने तपासता येतं. आधी साधी विनंती पाठवायची, मग मुद्दाम संशयास्पद (परवानगी घेऊनच हं!). उत्तरात ४०३ आलं, हेडर बदलले, की समजा मध्ये कुणीतरी बसलंय. पण नॉटपेट्या वेबसाइटच्या दारातून आलाच नव्हता. युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि आतल्या आत संगणकामागून संगणक पकडत गेला. तेव्हा तुमच्या तक्त्यात रकान्याला ‘सुरक्षित’ म्हणू नका. ‘फायरवॉल आढळली’ एवढंच लिहा.