रानटर्कीची वसंतातील धनुष्य-शिकार : एका परंपरेची घडण

उत्तर अमेरिकेतील अरण्यांत दरवर्षी वसंत ऋतूत रानटर्कीच्या नराची शिकार होते, आणि ती बंदुकीऐवजी धनुष्याने करणाऱ्या शिकाऱ्यांचा तेथे एक स्वतंत्र वर्ग आहे. या शिकारीविषयीच्या लोकप्रिय लेखनात ती त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपासून अखंड चालत आलेली परंपरा असल्याचे वारंवार सुचविले जाते. हा समज सर्वस्वी निराधार नाही. तथापि तो जसाच्या तसा स्वीकारल्यास इतिहासातील काही महत्त्वाच्या घटना दृष्टिआड होतात. या शिकारीची मुख्य अंगे तीन : पक्ष्याच्या सादेचे अनुकरण, धनुष्य आणि वसंताचा हंगाम. या तिन्हींचे वय निरनिराळे आहे.

प्रथम पक्ष्याच्या नावाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. रानटर्की हा मूळचा अमेरिकेचा पक्षी. दक्षिणेकडे मेक्सिकोत तो युरोपीयांच्या आगमनापूर्वीच माणसाळविला गेला होता, व सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेथे मिळालेल्या नावांत त्याच्या जन्मभूमीचा पत्ता मात्र हरवला. तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या आफ्रिकी गिनी कोंबडीशी घोटाळा होऊन इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. फ्रेंचांनी 'हिंदची कोंबडी' या अर्थाच्या शब्दापासून 'दँद' असे म्हटले. डचांच्या 'काल्कून' या शब्दात मलबार किनाऱ्यावरील कालिकत आहे. आणि खुद्द तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात. पोर्तुगीज 'पेरू' हा शब्द निदान अमेरिका खंडाकडे बोट दाखवितो, परंतु जेथे हा पक्षी मुळात नव्हता त्या प्रदेशाकडे. मराठीत हाच उच्चार एका फळासाठी रूढ आहे, हा योगायोगही लक्षणीय आहे.

भारताशी या पक्ष्याचा खरा संबंध पुढे आला, तोही गोव्यातून. इ. स. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून आणलेल्या अपूर्व वस्तूंत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग सरड्याप्रमाणे पालटतो, हे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे. दरबारी चित्रकार मन्सूर याचे मानले जाणारे त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मूळ रहिवाशांच्या भाषांत मात्र या पक्ष्याची स्वतःची नावे होती. नाहुआत्ल भाषेतील 'वेशोलोत्ल' हा नरवाचक शब्द मेक्सिकन स्पॅनिशमध्ये 'ग्वाहोलोते' या रूपाने आजही जिवंत आहे. रॉजर विल्यम्सने १६४३ साली नॅरागॅन्सेट भाषेची जी शब्दसूची प्रसिद्ध केली, तीत या पक्ष्याला 'नेहोम' हा शब्द आढळतो. चेरोकी भाषेतही त्याला स्वतंत्र शब्द आहे. पक्ष्याची नावे उसनी घेणारे कोण आणि त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे कोण, हे या शब्दांवरून स्पष्ट होते.

आता धनुष्याचा प्रश्न. पूर्व उत्तर अमेरिकेत धनुष्याचा सार्वत्रिक प्रसार साधारणतः इ. स. च्या सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास झाला. त्यापूर्वी हजारो वर्षे तेथील शिकारी फेकदांड्याच्या साहाय्याने भाला फेकीत. म्हणजे मूळ रहिवाशांच्या हातीही धनुष्य अनादी काळापासून नव्हते. सतराव्या-अठराव्या शतकांत बंदूक आली आणि धनुष्य मागे पडले. गोऱ्या समाजात धनुष्य-शिकारीचा छंद वाढला तो यादवी युद्धानंतर. मॉरिस टॉम्पसन याचे या विषयावरील पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९११ मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा अखेरचा मानलेला इशी हा पुरुष प्रकट झाला. त्याच्यापासून डॉ. सॅक्स्टन पोप याने धनुर्विद्या आत्मसात केली आणि १९२३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. आधुनिक अमेरिकन धनुष्य-शिकारीत मूळ रहिवाशांकडून थेट आलेला हा एक धागा होय. परंतु तो ज्या प्रदेशातला आहे, तेथे रानटर्की नंतर बाहेरून आणून सोडलेली आहे. शिवाय आजचे बहुसंख्य शिकारी जे वापरतात ते टोकांवर फिरत्या कप्प्या असलेले संयुक्त धनुष्य मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन याची निर्मिती असून त्याचे एकस्व १९६९ साली मंजूर झाले.

कप्प्यांचे हे यंत्र या शिकारीत विशेष उपयोगी पडते, याचे कारण पक्ष्याच्या स्वभावात आहे. टर्कीची दृष्टी अतिशय तीक्ष्ण असते, आणि दोरी ताणण्याची हालचाल तिला सहज दिसते. साध्या धनुष्याची दोरी पूर्ण ताणून धरण्यास सर्वाधिक बळ लागते. कप्प्यांमुळे पूर्ण ताणाच्या वेळी भार बराच कमी होतो, आणि शिकाऱ्याला योग्य क्षणापर्यंत निश्चल राहता येते. मर्मस्थान लहान असल्याने नेम थोडा चुकला तरी जखमी पक्षी हाती न लागण्याचा धोका असतो. म्हणून बंदिस्त लपण व बनावट मादी यांचाही आश्रय घेतला जातो.

सादेचे अनुकरण हे अंग या तिहींत बहुधा सर्वांत जुने. वसंतात पहाटे नर झाडावरील रात्रीच्या बसकणीवरून घोगरी, गडगडणारी साद घालतो. विल्यम बार्ट्रमने १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात मार्च-एप्रिलमधील या पहाटसादेचे वर्णन केले आहे. निसर्गक्रम असा की नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून हा क्रम उलटा करू पाहतो. सावध नर बहुधा दूर थांबतो तो याचमुळे. टर्कीच्याच पंखाच्या हाडांपासून साद घालण्याची नळी करण्याची रीत मूळ रहिवाशांपासून आली असे मानले जाते. तथापि उत्खननात सापडलेले टर्कीचे प्रत्येक घडविलेले हाड या कामाचे समजणे धोक्याचे आहे : टेनेसीतील फर्नव्हेल येथील अणकुचीदार हाडे गोंदण्याची हत्यारे असल्याचे संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. लाकडी पेटीच्या सादयंत्राचे एकस्व हेन्री गिब्सनने १८९७ साली घेतले, हे मात्र निश्चित आहे.

राहिला वसंताचा हंगाम. आणि सर्वांत अर्वाचीन अंग हेच. आग्नेयेकडील शेती करणाऱ्या जमातींचा मुख्य शिकारीचा काळ शरद व हिवाळा हा होता. वसाहतकाळात शिकारीला बंधनच उरले नाही. अनिर्बंध हत्या आणि जंगलतोड यांमुळे कनेक्टिकटमधून हा पक्षी १८१३ च्या सुमारास व मॅसॅच्युसेट्समधून १८५१ मध्ये नाहीसा झाला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास आळा घातला, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारी शस्त्रांवरील कर वन्यजीवसंवर्धनाकडे वळविला. तरीही पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयोग फसले. आईवाचून वाढलेल्या पिलांना रानातले वर्तन शिकविणारे कोणी नव्हते. तोफजाळ्याने रानातील पक्षी पकडून अन्यत्र सोडण्याची पद्धती १९५० नंतरच्या दशकांत रूढ झाली, तेव्हा यश आले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ साली न्यूयॉर्कमधून ३७ पक्षी आणले गेले. आज तेथे त्यांचे वंशज हजारोंच्या संख्येने आहेत.

याच धोरणातून वसंताचा हंगाम निघाला. एक नर अनेक माद्यांशी संग करतो. सबब समागमाचा भर ओसरल्यावर काही नर मारले तरी वंशवृद्धीस बाध येत नाही, हा त्यामागील तर्क. मिसूरीने १९६० साली असा तीन दिवसांचा हंगाम खुला केला, पेनसिल्व्हेनियाने १९६८ मध्ये. अलीकडे संख्या पुन्हा घटू लागल्याने काही आग्नेय राज्यांनी हंगामाचा आरंभ पुढे ढकलला आहे. टेनेसीने २०२३ मध्ये तो दोन आठवड्यांनी लांबविला. यावरून तो मूळ तर्कही अद्याप कसोटीवर आहे असे दिसते.

तात्पर्य, वसंतातील धनुष्य-शिकार ही वारशाने जशीच्या तशी आलेली नसून प्राचीन सादविद्या, पुनरुज्जीवित व नंतर यंत्रबद्ध झालेले धनुष्य आणि विसाव्या शतकातील संवर्धननीती यांच्या मिलाफातून घडलेली आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. बहुतेक परंपरा अशाच घडतात. परंतु तिला अखंड म्हटले, की त्या अखंडतेत पडलेले दोन मोठे खंड झाकले जातात. एक, पक्षी जवळजवळ नष्ट झाला तो. दुसरा, ज्यांनी त्याची साद प्रथम आत्मसात केली त्यांना त्यांच्या अरण्यांतून हुसकून लावले गेले तो. १८३८-३९ मध्ये चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यात आले, आणि वाटेत हजारो मेले. पक्षी परत आणता आला, कारण कोठे ना कोठे त्याची रानटी बीजे शिल्लक होती. त्याला नावे देणाऱ्या भाषांपैकी काहींचे बोलणारे आज फार थोडे उरले आहेत, आणि त्यांच्यासाठी तोफजाळ्यासारखा सोपा उपाय नाही.